मंतरलेल्या माणसांची अख्खी वस्ती लिहितोय, पण सगळं खोटं वाटतंय, जरा मदत करा

काजूबोंडू

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, विचारायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. मराठीत फँटसी कादंबरी लिहितोय, दीड वर्ष झालं, दोनशेच्या आसपास पानं झालीत. जग काल्पनिक आहे पण किनारा आपलाच, म्हणजे खाड्या, सडे (कातळाची उघडी पठारं), माडाच्या बागा, समुद्रात एक किल्ला, गावांची नावं तेवढी बदललीत. त्यात एक जमात आहे. त्यांच्या पूर्वजांवर दोनशे वर्षांपूर्वी जादू झाली आणि तेव्हापासून ती माणसं पाण्याखाली राहू शकतात. गळ्याला कल्ले, बोटांच्या मधे पडदे, पाठीवर थोडे खवले, अंधारात डोळे चमकतात. नाव ठेवलंय खारवे. एका मांत्रिकाने राजाच्या सांगण्यावरून त्यांना बनवलं, आरमाराच्या लढाईसाठी.

तर बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली हे शाळेच्या गॅदरिंगमधे पोरांना माशाचे ड्रेस घालतात तसं झालंय. पहिल्यांदा राग आला पण दुसऱ्या दिवशी परत वाचलं तर खरंच तसंच आहे हो. माझे खारवे बोलतात आपल्यासारखे, भांडतात आपल्यासारखे, मधेच पाण्यात उडी मारतात एवढंच. आणि मी त्यांना वेगळं करायला गेलो की सगळेच्या सगळे एका साच्यातून काढल्यासारखे होतात, सगळे शूर, सगळे अबोल, सगळे समुद्राला आई म्हणणारे. अख्ख्या गावात एक आळशी माणूस नाही, एक कंजूष नाही, असं गाव कोकणात तरी असतं का? कुठे चुकतंय सांगा. अजून शक्ती द्यायला पाहिजेत का त्यांना, की कमी करू?

तिरफळ

बाबा आधी ते नाव बदल. खारवी हा खराखुरा समाज आहे, रत्नागिरी-रायगडात मासेमारी करणारा, त्यातलं कोणी हे वाचेल आणि बघेल की आपल्या समाजाला पाठीवर खवले काढलेत, तर तुझ्या पुस्तकाचं काय होईल ते होवो, तुझं काही खरं नाही. गाबित, दालदी, भंडारी, कोळी यांच्या जवळपास जाणारं पण काही नको.

आणि नावाचा मुद्दा नुसता वाद टाळायचा नाहीये. तुझ्या लोकांना एकच नाव कसं? शेजारचं गाव त्यांना काय म्हणतं, सरकारी दप्तरात काय लिहितात, ते स्वतःला काय म्हणवतात, ही तीन वेगळी नावं असणार आणि त्यातलं एक तरी शिवी असणार. मी असतो तर सरळ मच्छीमार्केटातून उचललं असतं. बाहेरचे त्यांना म्हणतात ओले. आणि ते बाहेरच्यांना म्हणतात सुके. ओले बोंबील, सुके बोंबील. हसू नको, लोक असंच बोलतात. "सुक्याच्यात दिली पोरगी" एवढं एक वाक्य टाक, तुझी तीन पानांची माहिती वाचते.

लढाईचं पण मला पटलं नाही. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ते १६६७ असा तीन वर्षं बांधत होते, भर समुद्रात, कुरटे बेटावर. पाण्याखाली श्वास कोंडून राहणारी माणसं राजाला मिळाली तर तो त्यांना तलवारी देईल का पायाचे दगड बसवायला लावील? आणि किल्ला झाला की जहाजांच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ नि कालवं खरवडायला. वर्षानुवर्षं तेच. तुझ्या ओल्यांच्या आजोबांनी लढाई बघितलीच नसेल, त्यांनी फक्त खरवडलंय, आणि पोवाड्यात नाव दुसऱ्याचं. हा राग दोनशे वर्षं टिकतो.

डागदरीन_बाय

मी रत्नागिरीत प्रॅक्टिस करते, फँटसी वाचायचं वेड आहे म्हणून लिहितेय. कल्ले काढून टाक प्लीज. गणित सांगते. एक लिटर हवेत साधारण २१० मिली ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेचार-पाच मिली. नुसत्या झोपलेल्या माणसाला मिनिटाला २५० मिली लागतो. म्हणजे पाण्यातला सगळाच्या सगळा काढून घेतला तरी गळ्यातून दर मिनिटाला पन्नासेक लिटर पाणी जायला पाहिजे, तीन हंडे, आणि हे झोपेत. पोहायला लागला की याच्या कितीतरी पट. तुझ्या माणसाचा गळा म्हणजे पाच हॉर्सपॉवरचा पंप होईल. जादू आहे म्हणून चालतं म्हणशील, चालेल, पण मग जादू सगळंच करते आणि वाचकाला कशाचीच काळजी वाटत नाही.

त्यापेक्षा जी खरी माणसं आहेत त्यांच्याकडे बघ. इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचे बजाऊ, पिढ्यान्‌पिढ्या होडीवर राहणारे, श्वास रोखून बुडी मारून मासे पकडतात. २०१८ मधे अभ्यास आला, त्यांची प्लीहा शेजारच्या शेती करणाऱ्या लोकांपेक्षा साधारण दीडपट मोठी निघाली. प्लीहेत तांबड्या पेशींचा साठा असतो, बुडी मारली की ती आवळते आणि रक्तात जास्तीचा ऑक्सिजन येतो. गंमत म्हणजे त्यांच्यातला जो माणूस कधी बुडी मारत नाही त्याची पण मोठीच. म्हणजे ते जन्मानेच आलंय. आता याच्या उलट थायलंडकडचे मोकेन. त्यांच्या मुलांना पाण्याखाली युरोपातल्या मुलांच्या दुपटीहून स्पष्ट दिसतं, हे स्वीडनच्या ॲना गिसलेन यांनी २००३ मधे मोजलं. बाहुली एकदम बारीक करतात ती पोरं. सगळ्यांना वाटलं हे पण रक्तात असणार, पण नंतर युरोपातल्या मुलांना सराव करायला लावला तर त्यांना पण जमलं.

आता हे दोन्ही तुझ्या ओल्यांमधे एकत्र टाक. काही गोष्टी जादूने आल्या, काही फक्त लहानपणापासूनच्या सवयीने, आणि दोनशे वर्षांनंतर कुठलं काय हे त्यांना स्वतःलाच माहीत नाही. मग एखादी सुक्याची पोर त्यांच्यात वाढली आणि तिला अर्ध्याहून जास्त गोष्टी जमायला लागल्या की गावातल्या म्हाताऱ्यांची काय अवस्था होईल बघ.

अजून एक. नुसतं "मासा" म्हणू नको, एकच प्राणी पकड आणि त्याचं सगळं घे, सोयीचं तेवढंच नको. वेळासला कासवं बघायला गेलीयस/गेलायस का कधी? समुद्रात राहून मिठाचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो, एका लिटरमधे ३५ ग्रॅम मीठ, आपल्या किडनीला ते झेपत नाही, म्हणून तर खारं पाणी प्यायलं की तहान वाढते. कासवांना डोळ्यापाशी एक ग्रंथी असते, तिच्यातून ते जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. अंडी घालायला किनाऱ्यावर आलेली मादी रडल्यासारखी दिसते ती त्यामुळे. तुझे लोक तसे असतील तर ते रोज रडणार. जेवता जेवता, भांडी घासता घासता, लग्नात, बाजारात घासाघीस करताना. त्यांच्यात अश्रूंना काही किंमतच नाही, नाक शिंकरल्यासारखं. मग सुका माणूस पहिल्यांदा त्यांच्या वस्तीत आला की त्याला वाटणार अरे इथे काय मयत झालंय की काय.

तिरफळ

डागदरीन बाय, माशाचा ड्रेस उतरवलात तुम्ही. मस्त.

सड्यावरचा

सगळे शरीरावर बोलताय, मी जादूवर बोलतो. मांत्रिक आणि राजा हे मला बाहेरून आणलेलं सामान वाटतं. आपल्याकडे गाव बदलायचं झालं तर एकटा मांत्रिक काय करणार, आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात. गाव जमतं, देवासमोर नारळ ठेवतात, मानकरी उभा राहून सुरू करतो, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली असत", आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे म्हणतात "व्हय म्हाराजा". लहानपणी मला त्यातलं एक वाक्य समजायचं नाही, पण व्हय म्हाराजा सगळ्यात जोरात मीच ओरडायचो, लक्ष सगळं प्रसादाच्या खोबऱ्याकडे.

तर तुझी जादू तिथे आहे असं धर. खाडीच्या तोंडावर शत्रूची गलबतं, गावात दाणा नाही, गाव सड्यावर जमलं आणि मानकऱ्याने मागितलं, "आमका पाण्यातसून वाट दी". आणि मागून व्हय म्हाराजा. ज्यांनी ज्यांनी म्हटलं ते बांधले गेले, ते आणि त्यांची पुढची पोरंबाळं. एक माणूस गर्दीत उभा होता आणि त्याने तोंड उघडलं नाही, का नाही उघडलं कोणाला माहीत नाही, त्याचं घराणं आजपण सुकं आहे. आणि पाळण्यातलं पोर? ते बोललंच नाही. माझ्यासारखा खोबऱ्यासाठी ओरडणारा पोरगा? त्याने तर न समजता म्हटलं, तरी बांधला गेला. आता मला सांग या गावात एकसारखी माणसं कशी राहतील. प्रत्येक घराचं म्हणणं वेगळं, आमच्या पणज्याने गावासाठी म्हटलं, त्यांच्या पणज्याने भीतीने म्हटलं, आणि तो तिसरा तर म्हणे बहिरा होता.

आणि अजून एक बोलतो, कोणाला टोचलं तर टोचो. त्या रिंगणात उभं राहायची परवानगी कोणाला होती? बायका कुठे होत्या? गावकुसाबाहेरची माणसं किती लांब उभी होती, त्यांना ऐकू तरी आलं का? हे टाळून ही गोष्ट लिहिता येणार नाही.

शब्द पण बघ, वाट मागितली होती, श्वास मागितलाच नव्हता. देवाने वाटच दिली. कासवाचं चाललंय म्हणून सांगतो, समुद्री कासवाला पृथ्वीचं चुंबकत्व कळतं आणि त्यावर ते जन्मलेला किनारा शोधून परत येतं. ओल्यांना दिशा कळते, काळोखात, गढूळ पाण्यात, डोळे मिटून. आणि मग कमजोरी आयतीच मिळते, आमच्या राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेच्या सड्यावर एक माणसाची आकृती कोरलेली आहे कातळात, आडवी, तिथे होकायंत्र ठेवलं तर काटा भलतीकडेच जातो. मी स्वतः मोबाईलवरचं कंपास ॲप लावून बघितलंय, आकृतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईस्तोवर उत्तर दिशा फिरून गेली, पायाखाली जांभा तापलेला आणि मी येड्यासारखा मोबाईल धरून गोल गोल. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, ती कोणी का कोरली याचा पत्ता नाही, म्हणजे तुला रान मोकळं. ओल्या माणसाला तसल्या सड्यावर उभा केला की त्याला घेरी येणार, ओकारी होणार. आणि गाऱ्हाणं नेमकं तिथेच घातलेलं, म्हणजे सोडवून घ्यायचं तर परत तिथेच जायला पाहिजे.

तिरफळ

सड्यावरचा, रिंगणाचं एकदम बरोबर, पण काजूबोंडूने इथे सांभाळायला पाहिजे. जन्माने अंग वेगळं, अंगाप्रमाणे काम ठरलेलं, कामाप्रमाणे लग्न ठरलेलं, हे आपल्याला चांगलंच माहितीय की काय आहे. फरक एवढाच की खऱ्या आयुष्यात अंग वेगळं नसतं, ते वेगळं आहे असं सांगितलं जातं. तुझ्या कादंबरीत ते खरंच वेगळं निघालं तर तू नकळत त्या सांगणाऱ्यांच्या बाजूने बोललास. म्हणून डागदरीन बायचा तो मोकेनवाला मुद्दा सोडू नको. सुक्याच्या पोरीला जमायलाच पाहिजे.

गाबोळी

मी फार फँटसी वाचत नाही, नवरा वाचतो, त्याच्या मोबाईलवर हे वाचत बसले होते तर म्हटलं लिहूया. ही माणसं दिवसभर करतात काय ते कोणी सांगतच नाहीये.

माझी मावशी कालवं काढायला जायची. तिला घड्याळ लागायचं नाही, तिथी लागायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण, सकाळी पण आणि संध्याकाळी पण, आणि मधे दुपारी बाराला सुकती, म्हणजे ओहोटी, तेव्हा किनाऱ्याचे खडप, म्हणजे खडक, उघडे पडतात. दुसऱ्या दिवशी तेच सगळं पाऊण तास उशिरा. त्यामुळे तिच्या घरात जेवायची वेळ रोज सरकायची. आज अकराला जेवण तर चार दिवसांनी दोनला. तिच्या पोरांना शाळा लागली तेव्हा पहिलं भांडण यावरून झालं, शाळा रोज एकाच वेळेला कशी असते हेच तिला पटायचं नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी लांबपर्यंत हटतं आणि काम जास्त, अष्टमीकडे भांगाचे दिवस आले, म्हणजे पाणी फारसं हटत नाही ते, की हात जरा रिकामे, मग गप्पा, मग भांडणं, मग सोयरिकी. तिचे हात बघितले असतील तर कळेल, बोटांवर बारीक बारीक पांढऱ्या रेघा, कालवाची कड लागून लागून. आंघोळीला गरम पाणी घेतलं की झोंबायचं, तर ती हात वर धरून आंघोळ करायची, आम्ही पोरी हसायचो.

ही तर साधी माणूस होती, कोणी मंतरलेली नव्हती, तरी तिचा दिवस तुमच्या-आमच्या दिवसाशी जुळत नव्हता. तुमच्या ओल्यांचा आठवडा सात दिवसांचा तरी आहे का? सुक्यांचा बाजार दर मंगळवारी भरतो आणि मंगळवारी नेमकी सुकती भलत्या वेळेला, मग यांचा माल कायम उशिरा पोचतो, मग सुके म्हणतात की ओले आळशी. घ्या, तुम्हाला आळशी माणूस हवा होता ना. 🙂

डागदरीन_बाय

गाबोळी, तुम्ही फँटसी वाचत नाही हे वाचून मला जरा लाज वाटली, इतकं वाचून मला हे सुचलं नाही.

काजूबोंडू, एक राहिलं. वस्ती केवढी होती? चाळीस-पन्नास घरं असतील आणि दोनशे वर्षं आपापसातच लग्नं, तर आता सगळे सगळ्यांचे नातेवाईक झाले असणार आणि दवाखान्यात त्याचे परिणाम दिसणार. म्हणजे सुक्यांकडून मुलगी आणणं ही त्यांची गरज आहे, आवड नाही. मग पोर कसलं होतं, ओलं की सुकं, हे पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आधी कळत नाही असं ठेव. पोर डोळ्यातून मीठ टाकायला लागलं की ओलं. तोपर्यंत दोन्हीकडच्या आज्या पाळण्यापाशी बसून डोळे बघतायत.

काजूबोंडू

बाप रे. दोन दिवस लाईट नव्हती, आज उघडलं तर हे सगळं. खूप खूप आभार, खरंच.

कल्ले गेले. खवले गेले. चमकणारे डोळे काढताना जरा जीवावर आलं, कव्हरवर छान दिसले असते, पण गेले. नाव ओले, पण ते स्वतःला म्हणणार व्हयकर, कारण त्यांच्या पूर्वजांनी व्हय म्हटलं होतं. आणि न बोलणाऱ्याचं घर ते मुकेकर. मांत्रिक आणि राजा यांना पण नारळ दिला. राजा फक्त मागून येतो, जादू झालेली बघतो आणि म्हणतो वा, किल्ल्याचा पाया घालायला माणसं मिळाली.

एक अडलंय. गावातली बरीच पोरं कामाला मोठ्या शहरात जातात, आपल्या चाकरमान्यांसारखी, शिमग्याला-गणपतीला परत येतात. शहरात त्यांचं ओलेपण राहतं का जातं?

सड्यावरचा

देवाची हद्द गावाच्या शिवेपर्यंत. राखणदार शिवेबाहेर येत नाही. शीव ओलांडली की हळूहळू ओसरणार, एका दिवसात नाही, दोन-तीन वर्षांत. पहिली दिशा जाईल. शहरात तो पत्ता विचारत फिरेल, आणि गावात हे कोणाला सांगणार नाही.

तिरफळ

आणि गणपतीला आला की आई पहिलं डोळ्यांकडे बघणार, कोरडे झालेत का. तो एस्टीतून उतरायच्या आधी मिठाचं पाणी लावून घेणार.

काजूबोंडू

तिरफळ, हे मी चोरतोय, आधीच सांगतो.

गाबोळी

पण गणपतीत पावसाळा असतो ना. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, डोंगरावरून सगळं पाणी उतरतं. खाडीतच राहत असतील ओले तर आषाढ-श्रावणात त्यांच्या अंगात मीठच जाणार नाही, मग त्यांना रडायला पण लागणार नाही. सगळ्या गावाचेच डोळे कोरडे असणार तेव्हा. त्या पोराचं पितळ उघडं पडणार नाही, उलट तो एकटाच डोळ्याला मिठाचं पाणी लावून आलेला दिसणार.

काजूबोंडू

थांबा थांबा. म्हणजे पावसाळ्यात तिथे ज्याच्या डोळ्यात पाणी दिसेल तो खरंच रडतोय. आणि हा मिठाचं पाणी लावून दारात उभा, आईला वाटणार पोरगा शहरातून काहीतरी मोठं दुःख घेऊन आलाय, आणि ती विचारत बसणार काय झालं, काय झालं रे.

लिहायला बसतो. उद्या टाकतो इथे.